हात क्रमांक चार

"ह्यात माणूस घावतो का?"

माळवंडी गावात मला विचारलेला पहिला प्रश्न हा. सहा वर्षांपूर्वी मी मागमूस यंत्र घेऊन घुमटीच्या ओढ्यावर पहिल्यांदा गेले, तेव्हा सुबराव आबांनी तो विचारला. मला वाटलं होतं, लोक विचारतील की हे किती वीज खातं, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार. पण ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि थेट मुद्द्यालाच हात घातला.

"नाही आबा," मी म्हणाले. "झाडं, बेडूक, मासे, किडे, गुरं, रानातली जनावरं. माणूस नाही."

"धरत न्हाई, का दावत न्हाई?"

शहरात तीन वर्षं या यंत्रावर व्याख्यानं देत होते. तिथे एकालाही हे सुचलं नव्हतं.

"धरतं," मी कबूल केलं. "पण दाखवत नाही. आत एक गाळणी आहे. माणसाचा अंश ती वाचण्याआधीच टाकून देते."

"आन् उद्या कुनी ती गाळनी काडली तर?"

"मी असेपर्यंत कोणी काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मग आबांनी चप्पल काढली आणि ते ओढ्यात उतरले. त्यांच्या मागून बाकीचे उतरले. आमचं प्रशिक्षण असं सुरू झालं.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. प्रत्येक सजीव सतत झडत असतो. झाडाचं पान, बेडकाचा चिकटा, म्हशीचा केस, माणसाच्या कातडीचा डोळ्याला न दिसणारा कोंडा. त्या प्रत्येक कणात त्या जिवाचा डीएनए असतो. वाहत्या पाण्यात तो दोन दिवस टिकतो, चिखलात काही महिने आणि काठाच्या घट्ट मातीत थरावर थर साचून पन्नास-साठ वर्षंही. कुकरएवढ्या मागमूसमध्ये चमचाभर माती घातली की चाळीस मिनिटांत यादी येते: इथे कोण राहतं, कोण राहत होतं आणि साधारण कधीपर्यंत. उजाड ओढ्याच्या काठी पूर्वी काय होतं हे आता कोणाच्या आठवणीवर सोपवावं लागत नाही. घुमटीच्या काठाने सांगितलं की तिथे वाळुंजाची दाट रांग होती, खाली शेरणीची झुडपं होती, पाण्यात लव्हाळा होता आणि हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी नाहीसं झालं. मग आम्ही तेच लावलं.

अडचण एकच असते. माती उकरणाऱ्याचा स्वतःचा कोंडाही नमुन्यात पडतो आणि वाचन गढूळ होतं. म्हणून नमुने घेणाऱ्या प्रत्येकाच्या गालाच्या आतून कापूस फिरवून त्याची खूण यंत्रात घालून ठेवतात, म्हणजे गाळणीला तो कोंडा नेमका ओळखून टाकता येतो. यंत्र त्यांना 'हात' म्हणतं. माळवंडीत तेरा हात होते. हात क्रमांक एक मी, दोन सुबराव आबा, तीन पाटबंधारे खात्याचे उपअभियंता हसबे, चार हौसाक्का.

हौसाक्काच्या घरी मी दर मुक्कामाला राहायचे. पन्नाशी उलटलेली, बुटकी, तोंडाने फटकळ. वाळुंजाची फांदी तिरकी खोचायची की सरळ, हे मी तिला पुस्तकातून शिकवलं आणि पुढच्या वर्षी तिने मला काठावर उभं करून ते दुरुस्त करून दिलं. मला आई नाही. सहा वर्षांत त्या घरात मला ते जाणवलं नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

आमची पद्धत अशी. वर्षातून एकदा गावकरी आणि खात्यांची माणसं, वनखातं, कृषी, पाटबंधारे, सगळे एकत्र ओढ्याने चालतात. हातात एकवीस प्रश्नांचा एकच कागद. ओढा पुरात काठावर पसरतो का, काठ ढासळतो का, नवी रोपं उगवतात का. साहेब आणि शेतकरी यांचं मत सारखं. सगळ्यांना पटल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. ज्याला पटलं नसेल त्याने पाण्यात उभं राहायचं, ही माळवंडीची भर. पटलेले काठावर येतात आणि पाण्यातल्याला समजावतात, नाहीतर त्याचं ऐकून पुन्हा पाण्यात उतरतात. शेवटचा माणूस बाहेर आला की मगच पेन उघडायचं. ही रीत मी पुढे तीन जिल्ह्यांत शिकवली आणि प्रत्येक ठिकाणी छाती फुगवून सांगितली.

गेल्या ऑक्टोबरात चौदाव्या प्रश्नाला हौसाक्का पाण्यात राहिली. प्रश्न होता, काठावरची झाडी पुरेशी दाट आहे का. ओढा ओलांडायची जागा आहे, तिला गावात 'उतार' म्हणतात. आम्ही तिथेच उभे होतो. दोन्ही बाजूंनी वाळुंज डोक्याच्या वर गेलं होतं आणि खाली शेरणी गच्च माजली होती. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम.

"आनी किती दाट पायजे?" हौसाक्का म्हणाली. "पल्याडचं मानूस दिसंना झालंय."

"आक्का, प्रश्न मुळांचा आहे, नजरेचा नाही," मी म्हणाले.

लोक हसले. ती हसली नाही. अर्धा तास ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. कोणी म्हणालं, आक्काचं पाय गार पडलं. कोणी म्हणालं, चा थंड हुतोय. मला साडेचारची गाडी गाठायची होती. मी घड्याळात बघितलं, ते तिने बघितलं आणि ती बाहेर आली.

मी 'होय' लिहिलं.

मार्चमध्ये हसबेंचा फोन आला. उताराच्या दोन्ही बाजूंची त्रेसष्ट झाडं कोणीतरी गुडघ्याएवढ्या उंचीवर कापली होती आणि बुंध्यांवर तणनाशक चोपडलं होतं. वाळुंज नुसतं तोडलं तर पावसाळ्यात फुटतं, म्हणून ताज्या कापावर औषध लावायचं. घाणेरीची जाळी मारायला ही युक्ती मीच गावाला शिकवली होती.

मी पोहोचले तोवर गावाने गुन्हेगार ठरवून टाकला होता. बयाजी. वरच्या माळावर एकटा राहणारा, अकरा म्हशींचा धनी. लागवडीसाठी आम्ही उताराला काट्यांचं कुंपण घातलं तेव्हा त्याच्या म्हशींची डुंबायची जागा गेली आणि त्याने भर चावडीत "तुमची झाडं बगून घेतो" असं म्हटलं होतं. एवढं पुरलं. बैठकीत ठरलं, रविवारपर्यंत त्याने कबूल करावं. नाहीतर त्याच्या म्हशींनी उगमापासून संगमापर्यंत कुठेच ओढ्याला उतरायचं नाही. एप्रिल-मे महिन्यात त्या माळावर दुसरं पाणी नाही. म्हणजे म्हशी विकायच्या आणि गाव सोडायचं. हौसाक्का त्या बैठकीला नव्हती. सुनेला बरं नाही, असं कळलं.

मी बयाजीकडे गेले. तो दावणीचं शेण पाटीत भरत होता.

"मामा, तुम्ही केलंत?"

"न्हाई."

"मग मला गालातला कापूस फिरवू द्या. गाळणी काढायला मी तयार आहे. तुमचा अंश त्या बुंध्यांवर नसेल तर तुम्ही सुटलात."

त्याने पाटी खाली ठेवली.

"नको," तो म्हणाला.

"का?"

"नको म्हनलं न्हवं? त्ये यंत्र हुतं तसंच असू द्या."

मी उतरणीला लागले ते रागातच. निर्दोष माणूस नाही कशाला म्हणेल? आता खरं सांगते, त्या क्षणी मीही गावासारखीच त्याला दोषी धरून बसले होते, फक्त माझ्या हातात यंत्र होतं.

हसबे शाळेच्या कट्ट्यावर वाट बघत होते. तरुण अधिकारी, कामाला वाघ. गाळणी काढायला दोन आकडे लागतात, एक खात्याचा आणि एक प्रशिक्षकाचा.

"मॅडम, माझा आकडा तयार आहे," ते म्हणाले. "बयाजीनेच केलं असेल तर कायमचा निकाल लागेल. नसेल केलं तर बिचारा वाचेल. दोन्हीकडून बरंच आहे की."

"मी शब्द दिलाय, हसबे."

"शब्द झाडांसाठी दिला होतात ना? झाडंच मेली आता."

हे ऐकून मी उठून जायला हवं होतं. पण मला रविवारची घाई झाली होती. मला घाई नेहमीच असते. बुधवारी भर दुपारी, शाळा सुटल्यावर, चौथीच्या वर्गात आम्ही दोघांनी आपापला आकडा दाबला. वीस बुंध्यांवरून मी नमुने आणले होते. वाळलेल्या औषधाचा पापुद्रा उचलून त्याच्या खालच्या कापावरून घेतलेले, म्हणजे झाड तोडल्यावर आणि औषध बसण्याआधी जो हात लागला, तोच सापडावा.

चाळीस मिनिटांनी कागद आला. विसाच्या वीस नमुन्यांवर माझ्याखेरीज एकच माणूस. यंत्राला त्यासाठी बयाजीच्या कापसाची गरजच नव्हती. ओळखीचा हात होता. हात क्रमांक चार.

"चार म्हणजे कोण?" हसबेंनी विचारलं.

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "तुम्ही आता घरी जा," एवढंच म्हणाले. त्यांना यादी पाठ नव्हती, मला होती.

हौसाक्का घराच्या पुढच्या सोप्यात चिंचा फोडत बसली होती. मी समोर बसले. मी कागद उलगडून तिच्या पुढ्यात ठेवला. तिला वाचता येत होतं. सहा वर्षांपूर्वी ती अक्षरओळख विसरत चालली होती, या कागदांनीच ती परत आणली.

"उगडलीस गाळनी?" तिने विचारलं.

"आक्का, का केलंस?"

"मी आदी इचारलंय."

"उघडली."

तिने चिंचोका काढून बाजूला टाकला, मग दुसरा.

"श्रावनात मंगल पडली," ती म्हणाली.

मंगल तिची सून. काजूच्या कारखान्यात जायची, रोज उतारावरून. श्रावणात ती ओढ्यात घसरली आणि पाचव्या महिन्यातलं मूल गेलं, हे मला माहीत होतं. मी भेटायलाही आले होते, फळं घेऊन.

"घसरली न्हाई ती. झाडीतनं गवा निगाला. नुसता हात-दोन हातावं. दिसनारच कसा? त्यानं काय केलं न्हाई, नुसतं फुस्कारलं. पन ही पळाया गेली आन् दगडावं पोटावरच पडली."

तिने पुढची चिंच हातात घेतली.

"तुला सांगनार हुते. पन तू त्या वाळुंजाकडं बगून कशी हसायचीस, ते मला ठावं हाय. म्हनलं, कशाला पोरीच्या जिवाला घोर. मग ऑक्टोबरात पान्यात उबी ऱ्हायले. वाटलं, कुनीतरी इचारंल, आक्का, दिसायला कशाला पायजे? कुनी इचारलं न्हाई. तू घड्याळ बगितलंस. तुजी गाडी चुकाय नको म्हनून भाईर आले."

"तुला पटलं नव्हतं?"

"कशाचं पटतंय?"

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की आमच्या कागदावरचं प्रत्येक उत्तर सगळ्यांना पटलेलं असतं. चौदाव्या उत्तराखाली माझी सही आहे. ते उत्तर खोटं होतं आणि ते प्रेमापोटी दिलेलं होतं. प्रेमाने दिलेलं खोटं उत्तर मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही आणि निघालं तरी मला नको.

"फेबरवारीत मंगलला पुन्ना दिवस गेलं," हौसाक्का हळू आवाजात म्हणाली. आतल्या खोलीकडे तिने नजर टाकली. "कारखाना सोडायचा न्हाई म्हनती. उतारावरनंच जायचं. मग मी कोयता घेतला."

"आणि बयाजीमामा? त्यांच्या गळ्यात हे पडलं तेव्हा तू गप्प कशी राहिलीस?"

"गप्प ऱ्हानार न्हवते!" ती पहिल्यांदा चिडली. "रविवारी समद्यांम्होरं सांगनार हुते. पन का केलं ते सांगायचं म्हंजे मंगलचं सांगावं लागतंय. त्ये तिचं हाय, माजं न्हाई. तिला इचारलं. ती म्हनली, दोन दिस द्या मला. आठ दिसांची मुदत हुती. मी दोन दिस थांबले. आन् तू बुधवारीच उगडलीस."

आतून पावलांचा आवाज आला. मंगल दारात उभी राहिली, किडकिडीत, पदर पोटावर ओढून घेतलेला. तिने आम्हा दोघींकडे बघितलं.

"आत्या, सांगा रविवारी," ती म्हणाली. "मी येते."

रविवारी सकाळी नऊ वाजता उताराशी सगळं गाव जमलं. बयाजीही आला होता, लांब दगडावर बसला होता. सुबराव आबांनी बोलायला सुरुवात करण्याआधी मी पुढे झाले.

"आबा, आधी माझं ऐका. मी गाळणी उघडली. बयाजीमामांनी झाडं तोडलेली नाहीत."

आबा काठी टेकत माझ्यासमोर आले.

"शब्द दिल्ता तुमी, ताई."

"दिला होता."

"मग?"

चांगल्या कामासाठी केलं, निर्दोष माणसासाठी केलं, असं खूप काही म्हणता आलं असतं. पण मी बयाजीला सोडवायला गेले नव्हते, पकडायला गेले होते. ते मला आबांच्या डोळ्यांपुढे लपवता येईना.

तेवढ्यात हौसाक्का उठली. "झाडं मी तोडली," ती म्हणाली आणि का तोडली तेही तिने सांगितलं, न थांबता, मान वर ठेवून. ऑक्टोबरात हसलेली माणसं खाली बघत होती. शेवटी मंगल उठली. तिने एकच वाक्य उच्चारलं.

"मी घसरले न्हवते."

बायकांतून कोणीतरी म्हणालं, आमालाबी भ्या वाटतं. मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. एकीने तर वर्षभर दोन मैलांचा वळसा घालत असल्याचं सांगितलं. हसबे कागद काढून लिहायला लागले. मी त्यांना थांबवणार होते, पण ते प्रश्न लिहीत होते: इथून एकट्या बाईला निर्धास्त जाता येतं का. एकवीसच्या खाली त्यांनी बाविसावा आकडा घातला.

दुपारपर्यंत ठरलं. उताराच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस पावलं नुसता वाळा आणि लव्हाळा ठेवायचा, कमरेच्या वर जाणार नाही असा. त्यानेही काठ धरला जातो. पुढे मागे झाडी हवी तितकी दाट. बयाजीच्या म्हशींना खालच्या डोहात जागा करून द्यायची. हौसाक्काने त्रेसष्ट झाडांच्या जागी वरच्या अंगाला त्रेसष्ट लावायची, मदतीला सगळ्यांनी जायचं. हे सगळं त्यांनी मला एकदाही न विचारता ठरवलं. ते मी शिकवलेल्यापेक्षा चांगलं होतं.

माझ्याबद्दल निर्णय आबांनी सांगितला. "काठ आमी बगतो. मुळं कशी बगायची, माती कशी बगायची, तुमी शिकवलंय. ते इसरनार न्हाई. पन यंत्र घिऊन जावा आन् पुन्ना येऊ नका."

हौसाक्काने माझ्या बाजूने एक शब्द काढला नाही. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती रडत होती, तरीही तिने काढला नाही. तिचं बरोबर होतं.

यंत्र गाडीत ठेवून मी माळावर गेले. बयाजीची क्षमा मागायची होती. तो म्हशी सोडत होता.

"मामा, मी तुम्हाला चोर समजले. तुम्ही नमुना द्यायला नाही म्हणालात, म्हणून."

"असूं द्या."

"दिला असतात तर त्याच दिवशी सुटला असतात."

"व्हय," तो म्हणाला. "आन् ती घावली असती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हितनं समदं दिसतंय की. कोयता घिऊन आली तवा बगितलं मी."

"मग गावात का नाही सांगितलंत?"

त्याने एका म्हशीच्या पाठीवरची माशी उडवली. "सरावनात मंगल पडली, तवा म्याच तिला पाठीवरनं घरला आनली. रगत बगून आक्कानं हात जोडलं. म्हनली, बयाजी, गव्याचं कुनाला सांगू नगंस, पोटुशी असून एकटी झाडीतनं का गेली म्हनून पोरगीला गाव काय बी बोलंल. मी म्हनलं, न्हाई सांगत. आता झाडाचं सांगितलं तर मागचं बी सांगावं लागनार."

"पण तुमच्या म्हशी गेल्या असत्या, मामा. घर गेलं असतं."

"गेलं असतं," तो म्हणाला आणि म्हशींना हाकत खाली निघाला.